कौत्सानं उरलेलं सोनं का घेतलं नाही?



आजचं चिंतन ईशावास्य उपनिषदाच्या पहिल्या मंत्रावर. जगात जे जे हलतं-चालतं ते सगळं ईश्वरानं व्यापलेलं आहे, म्हणून सोडायची तयारी ठेवूनच त्याचा उपभोग घ्या, हाव धरू नका, असा त्याचा भाव. बाकी सगळे ग्रंथ नाहीसे होऊन हा एकच मंत्र उरला तरी हिंदू धर्म जिवंत राहील, असं गांधीजी म्हणायचे. 2025 चा दसरा नेमका 2 ऑक्टोबरला आला होता. त्या दिवशी मी काय केलं ते सांगतो.

आमच्या सोसायटीत 84 घरं. सोनं वाटायचं काम माझ्याकडे. सकाळी पनवेलच्या बाजारातून आपट्याच्या पानांच्या 40 जुड्या आणल्या. जुड्या कसल्या, फांद्याच होत्या त्या! संध्याकाळी वाटल्या, गळाभेटी झाल्या, फोटो झाले. दुसऱ्या दिवशी खाली गेलो तर ओल्या कचऱ्याचे दोन डबे पानांनी काठोकाठ भरलेले. निम्म्या जुड्यांचा दोरासुद्धा सुटलेला नव्हता. आणि सफाईला येणारे काका ते उपसत होते.

तेव्हा कौत्स आठवला. गोष्ट तुम्हाला माहीत आहे. वरतंतूंचा हा शिष्य. गुरू नको म्हणत असतानाही दक्षिणेचा हट्ट धरून बसला, तेव्हा चिडून त्यांनी चौदा विद्यांच्या चौदा कोटी मुद्रा मागितल्या. कौत्स रघुराजाकडे गेला. पण विश्वजित यज्ञात सगळं देऊन बसलेल्या राजाकडे पाहुण्याच्या स्वागताला मातीचं भांडं तेवढं उरलं होतं. रघूनं कुबेरावर स्वारी करायचं ठरवलं आणि रातोरात सोन्याचा पाऊस पडला. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त तो राजाच्या कोशागारात पडतो, आपल्याकडच्या कथेत आपट्याच्या झाडावर. राजा म्हणतो, सगळं ने. कौत्स म्हणतो, चौदा कोटींच्या वर एकही नको.

मला कथेतली ही जागा सगळ्यात मोठी वाटते. समोर ढीग पडलाय, देणारा आग्रह करतोय, कुणी अडवत नाहीये, तरी तो थांबतो. आपण मात्र या गोष्टीतून नेमका शब्द कुठला उचलला? ‘सोनं लुटणं’! उरलेलं लोकांनी लुटलं, तेवढंच लक्षात ठेवलं आपण.

(अजून एक गंमत. पुष्कळदा आपण आपटा म्हणून घेतो तो कांचन असतो. पान तसंच दुभंगलेलं, पण मोठं आणि पातळ. आपट्याचं पान लहान, जाडसर.)

फेब्रुवारीत रोहा गाडीनं आपट्याला गेलो. झाडाचंच नाव असलेलं, पाताळगंगेकाठचं गाव. ‘दिलवाले दुल्हनिया’वाल्या स्टेशनावर सेल्फी काढणारी पोरं होतीच, मीही काढला, खोटं कशाला बोलू! पुढे रस्त्याला एक आदिवासी आजी भेटल्या. दसऱ्याला पानं विकायला नेता का, म्हणून विचारलं.

“नेताव ना. पूर्वी पानं खुडून न्यायचो. आता तुमाला फांदी लागते. फांदी छाटली की त्या झाडाला फूल कवा यायचं नि शेंग कवा धरायची?”

मी म्हटलं, “आजी, मग आम्ही घेणंच बंद करतो.”

त्या हसल्या. “मंग आमी काय खावा?”

मित्रांनो, यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘पानं घेऊ नका, झाडं वाचवा’ असा मेसेज फॉरवर्ड करणं सोपं आहे. त्यातही मी माझंच पुण्य मोजत असतो, आणि त्या बाईच्या सणाच्या चार पैशांवर पाणी सोडतो ते त्यांना न विचारता. हाव सोडायची ती माझी. त्यांचं पोट कशाला सोडू?

शेवटी त्यांनाच विचारलं, काय करू? त्यांनी झाडावर वाळलेल्या चपट्या शेंगा दाखवल्या. मी म्हटलं, पिशवीभर काढून द्या, पैसे जुड्यांच्या भावानं देतो. “शेंगांचं पैसं कोन देतं?” असं म्हणत त्यांनी दोनदा मोजून घेतले.

बिया रात्रभर पाण्यात भिजवून जूनमध्ये दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत लावल्या. 30 लावल्या, 11 उगवल्या. दोन आमच्या मांजरानं उकरल्या. उरलेल्या नऊ रोपांना ती दुभंगलेली इवली पानं आली आहेत.

यंदाच्या दसऱ्याला सोसायटीत घरटी एकच पान द्यायचं असं मीटिंगमध्ये मांडलंय. 84 पानं, देठानं खुडलेली, आजींकडूनच, पैसे 40 जुड्यांचे. सेक्रेटरी म्हणाले, “एका पानाला एवढे पैसे?” वाद अजून चालू आहे. तुमच्याकडे काय ठरतंय ते कळवा, आणि कुणाला रोप हवं असेल तर सांगा. नऊच आहेत.

राम कृष्ण हरी!