चोवीस मिलिमीटर

दिवा जरा जवळ ओढा. प्रकाश डावीकडून, थोडा वरून येऊ द्या.

टेबलावर पाण्याची वाटी आहे. एक सुई, लाकडी दांड्यात बसवलेली. एक झिजलेला ब्रश. आणि माणसाच्या छोट्या फिगरसाठी पितळी तारेचा सांगाडा, बुचाच्या तुकड्यात रोवलेला.

अजून काही करायचं नाही. नुसते बसा.

खांदे सैल सोडा. दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेला टेकवा. पुढचं सगळं काम टेकलेल्या हातानंच होणार आहे.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता समोरच्या फोटोकडे बघा.

फोटो काळा-पांढरा आहे. ब्रिटिश हवाई दलाचा गणवेश. डाव्या खिशाच्या वर वैमानिकाचे पंख. आणि डोक्यावर पगडी.

हे महिंदरसिंग पुज्जी. जन्म १९१८, सिमला. दिल्लीच्या फ्लाइंग क्लबात हौस म्हणून विमान चालवायला शिकले. १९४० मध्ये भारतातून जे चोवीस वैमानिक ब्रिटनला गेले, त्यांतले एक. पुढच्या वर्षी ते इंग्लंडात हरिकेन हे लढाऊ विमान उडवत होते. पगडी बांधूनच.

माहिती एवढी पुरे. आता ती बाजूला ठेवा आणि नुसतं बघा.

त्यांचं नाव क्षणभर विसरा. एक माणूस उभा आहे, एवढंच राहू द्या.

भार कोणत्या पायावर आहे?

तार वाकवण्याआधी तुम्हीच उठून उभे राहा. खरंच उठा. सगळा भार उजव्या पायावर घ्या. डावा गुडघा आपोआप सैल होतो. उजवी कंबर वर चढते. उजवा खांदा किंचित खाली येतो.

हे कुणी शिकवलेलं नाही. शरीर ते रोज करतं, बस थांब्यावर, रांगेत, दारात बोलत उभं असताना.

तसेच थांबा थोडा वेळ.

आता मागे, बैठकीच्या खाली, पॅराशूट लटकतंय असं समजा. लढाऊ विमानात वैमानिक पॅराशूटवरच बसायचा, त्यामुळे जमिनीवर चालताना ते गाठोडं मांडीच्या मागे आपटत राहायचं. पट्टे खांद्यांवरून खाली ओढतायत. तुम्ही नकळत पुढे झुकता.

तो झुकाव लक्षात ठेवा. बसा. तार हातात घ्या आणि तेवढंच वाकवा.

निळी पट्टी. पिवळी पट्टी. इपॉक्सी पुटीचे दोन सारखे तुकडे कापा.

बोटं ओली करा. मळायला लागा.

पिवळ्यात निळ्या रेघा दिसतायत. मळत राहा. रेघा बारीक होतात. मळत राहा. गोळा हळूहळू हिरवा होत जातो, आणि कधीतरी शेवटची रेघ जाते. ती जाताना दिसते का, बघा. मला बहुतेक वेळा दिसत नाही. पाहावं तर गेलेली असते.

ही पुटी आता तासभर तुमचं ऐकेल. मग नाही.

तरीही घाई नको. एका बैठकीत माणूस होत नाही. आधी तारेवर उघडं शरीर, नुसते मांडी-पोटरीचे, छातीचे उंचवटे. ते रात्रभर कडक होऊ द्यायचं. कपडे दुसऱ्या दिवशी. आत शरीर नसेल तर कोट कितीही सुरेख झाला तरी खुंटीला टांगल्यासारखा दिसतो.

आणखी एक श्वास.

आता स्वतःच्या शर्टाची बाही बघा. कोपर दुमडा. सावकाश.

कोपराच्या आतल्या बाजूला कापड गोळा झालं. बाहेरच्या बाजूला ताणलं गेलं. तिथून घड्या निघाल्या, काही दंडाकडे, काही मनगटाकडे.

एकच घडी निवडा. ती कुठून निघते? कुठे विरते?

हात सरळ करा. पुन्हा दुमडा. घडी तिथेच येते. जवळपास तिथेच.

गणवेशाचं लोकरी कापड जाड असतं. त्याला कमी घड्या पडतात, पण ठाम पडतात. मेंढीच्या कातड्याचं जॅकेट असेल तर आणखी कमी, गोलसर, सुस्त. रेशमी गळपट्टा मात्र चुरगळतो. तो ऐटीसाठी नसायचा. शत्रू मागून येतोय का, हे पाहायला मान सतत वळवावी लागे, आणि कॉलरनं ती सोलवटून निघे.

सुई पाण्यात बुडवा. टोकानं नको, कुशीनं दाबा. पुटी सुईखालून सरकते. थांबते.

ऐका. काहीच आवाज येत नाही.

आता पगडी.

इथे हवा तेवढा वेळ घ्या.

डोक्याच्या गोळ्यावर पुटीचा पातळ थर द्या. त्यावर सरसकट रेघा ओढायचा मोह होतो. ओढू नका. पगडीवर रेघा नसतात. थर असतात. एक थर खालच्याला थोडा झाकतो, थोडा उघडा ठेवतो. म्हणून प्रत्येक थराची एक कड धारदार असते, आणि दुसरी बाजू उताराची.

कड. उतार. कड. उतार.

डाव्या कानाकडून थर कपाळाच्या मध्याकडे चढतात. उजवीकडूनही चढतात. कपाळावर ते एकमेकांना भेटतात आणि तिथे एक छोटा त्रिकोण मोकळा राहतो.

तो त्रिकोण बघत राहा.

ही बांधणी रोज सकाळी हातानं व्हायची. उड्डाणाच्या दिवशीही. पुज्जींनी इअरफोन पगडीवर बसावेत म्हणून खास पट्टा करून घेतला होता. विमान पडलं तर हाताशी असावी म्हणून एक जादा पगडी ते बरोबर ठेवत. एकदा डोव्हरच्या कड्यांजवळ विमान कोसळलंच. पगडीच्या थरांनी डोकं वाचलं, असं ते पुढे सांगत.

(त्यांच्याही आधी, १९१७ मध्ये, हरदितसिंग मलिक हे पगडीधारी वैमानिक सॉपविथ कॅमल विमान उडवत. त्यांनी पगडीवर बसेल असं मोठं हेल्मेट करून घेतलं होतं. त्यांची फिगर करायची तर डोकं चक्क मोठं दिसलं पाहिजे.)

सुईकडे परत या. कड. उतार.

पुटी कडक होतेय, तोवर हात पुसा. डोळे मिटा. मिटल्या डोळ्यांपुढे माणूस आणा आणि त्याला लहान होताना बघा.

पावणेसहा फूट उंचीचा माणूस. १:१६ च्या मापात तो अकरा सेंटिमीटरांचा होतो. पापण्या आहेत. बटणं आहेत. खिशाच्या झडपेवरची शिवण आहे.

श्वास सोडा. १:३२. पंचावन्न मिलिमीटर. डोळ्याची रुंदी आता मिलिमीटरपेक्षाही कमी. पापणी म्हणजे एक गडद रेघ. शिवण गेली.

श्वास सोडा. १:४८. छत्तीस मिलिमीटर. बोटं अजून वेगळी दिसतात, दाखवावीशी वाटली तर. बटण म्हणजे टिंब.

श्वास सोडा. १:७२. या मापात सहा फुटांचा एक इंच होतो. आपला माणूस चोवीस मिलिमीटर. अंगठ्याच्या पेराएवढाही नाही.

डोळा गेला. ओठ गेले. पंख म्हणजे छातीवर एक फिकट खूण. बोटांची मूठ झाली.

काय उरलं?

उत्तर शोधू नका. बघत राहा.

भार एका पायावर आहे, ते उरलं. कंबर वर, खांदा खाली, ते उरलं. पॅराशूटचा झुकाव उरला. चामड्याची हेल्मेटं घातलेले दहा वैमानिक या मापात रांगेत उभे केले तर कोण कुठला ते सांगता येत नाही. हा मात्र खोलीच्या दारातून ओळखू येतो.

लहान माप सोपं, असं म्हणणारे भेटतात. मी वाद घालत नाही. मोठ्या मापात खांदा चुकला तर सुंदर रंगवलेलं बटण त्याला सांभाळून घेतं. इथे सांभाळून घेणारं कुणी नाही.

मोठं भिंग वापरत असाल तर ते बाजूला ठेवा, मला ते फार वेळ डोळ्याला लावलेलं आवडत नाही. भिंगाखाली हात थांबत नाही. बुचासकट फिगर हाताएवढ्या अंतरावर धरा. तिथून जे दिसत नाही, ते करू नका. जे दिसतं, ते थोडं जास्त करा. घडी खऱ्या प्रमाणापेक्षा खोल. पगडीचे थर निम्मेच, पण ठळक.

आता रंग.

कडक झालेल्या पुटीवरचा राखाडी प्रायमर वाळलाय. फिगर दिव्याखाली धरा आणि हळूहळू फिरवा. वरून प्रकाश पडतोय. पगडीच्या कडा उजळतात. हनुवटीखाली, काखेत, पॅराशूटच्या खाली काळोख साचतो.

रंग कुठे फिका आणि कुठे गडद लावायचा, हे दिवा सांगतोय. एक फेरी पूर्ण होऊ द्या.

रंग पातळ करा. ब्रश बुडवा, जास्तीचा रंग कागदावर टिपून टाका.

गणवेश निळसर राखाडी. चोवीस मिलिमीटरांत डबीतला रंग जसाच्या तसा लावला तर तो काळपट दिसतो. थोडा फिका करा. लांबून बघितल्यासारखा.

छातीवर लाइफ जॅकेट. पिवळं. पण जरा थांबा. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीचं जॅकेट मुळात खाकी-हिरवट कापडाचं होतं. समुद्रात पडलो तर वरून दिसावं, म्हणून पुष्कळ वैमानिकांनी ते पिवळं रंगवून घेतलं. म्हणजे आता तुम्ही रंगवताय ते पिवळं कापड नाही. कुणीतरी कापडावर लावलेला पिवळा रंग आहे. त्याला तडे असतील. घडीच्या टोकावर तो उडालेला असेल आणि खालचं खाकी डोकावत असेल.

त्या एका डोकावणाऱ्या ठिपक्यापाशी थांबा. एखाद्या दुपारी, एखादा विशीतला मुलगा मोठा ब्रश घेऊन बसलाय आणि आपलं जॅकेट रंगवतोय.

तो काय विचार करत असेल, ते आपल्याला कळायची गरज नाही. फक्त तो रंगवतोय. आणि तुम्हीही.

पगडीचा रंग कोणता?

फोटो सांगत नाही. पण फोटोत छटा आहे. गणवेशापेक्षा पगडी फिकट की गडद? बराच वेळ बघा. मग डबी उघडा.

मोठ्या फिगरला डोळे काढायचे असतील तर ते सावकाश होऊ द्या. पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी कसलेल्या हाताकडेच जाते. इथे तो हात तुमचाच, दुसरा नाही. बुबुळ वरच्या पापणीला टेकलेलं असू द्या. चहूबाजूंनी पांढरं दिसलं की माणूस दचकलेला वाटतो. आणि ते पांढरंही शुभ्र नको.

मनगट टेकवा. श्वास सोडा. तो पूर्ण गेल्यावर, पुढचा येण्याआधी, एक रिकामी जागा असते. टिंब तिथे ठेवा.

दुसऱ्या डोळ्यासाठी पुन्हा तीच जागा येईल. वाट बघा.

लहान फिगरला डोळे काढू नका. भुवयांखाली पातळ तपकिरी सावली ओघळू द्या. ती सावलीच बघते.

राहता राहिला विमानात बसवायचा वैमानिक. हरिकेनच्या किटमध्ये तो बहुधा बसलेला मिळतो, हात मांडीवर, डोक्याला चामड्याचं हेल्मेट. ते हेल्मेट धारदार पात्यानं थोडं थोडं तासून काढा. कवटी उघडी झाली की पुटीचा मुगाएवढा गोळा घ्या, बोटं ओली करा, आणि पुन्हा तेच. कड, उतार. पुटी ओली आहे तोवर कॅनॉपीची काच कोरडीच बसवून बघा. पगडी काचेला टेकत असेल तर पगडी दाबू नका. खऱ्या हरिकेनची सीट दांड्यानं खाली-वर होत असे, तुमची होणार नाही. म्हणून वैमानिकाला बाहेर काढा आणि सीटचा तळ घासकागदावर अर्धा मिलिमीटर घासा.