एका क्षणाचे माप

माणसाचे मोल त्याच्या हातून काय घडले यावरून ठरवावे, की तो कसा झटला यावरून? नीतिशास्त्राच्या पुस्तकात हा प्रश्न सोपा वाटतो. तोच आपल्या अंगणात येऊन उभा राहिला की आपण गोंधळतो. शेवगाव परिसरात दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी याचा प्रत्यय येतो. आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाऊन निम्मे वर्ष कोप्यांवर काढलेला मुलगा गणितात अडकला, की गावाच्या लेखी तो कायमचा 'नापास' होऊन बसतो. या प्रश्नाचा विचार आम्ही येथे दोन फुटबॉलपटूंच्या आधारे करणार आहोत. खेळात निकाल तत्काळ आणि सर्वांच्या डोळ्यांदेखत लागतो, त्यामुळे हा गुंता तेथे अधिक स्वच्छ दिसतो.

पहिले आपल्या मुंबईचे नेव्हिल डिसोझा. १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय संघ उतरला. १ डिसेंबर रोजी यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. भारताने हा सामना ४-२ असा जिंकला आणि त्यातले तीन गोल मध्य आघाडीवर खेळणाऱ्या नेव्हिल यांचे होते. ऑलिंपिकच्या एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. उपान्त्य सामन्यात बलाढ्य युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल त्यांनीच केला. पुढे मात्र भारत ४-१ असा हरला आणि कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियानेही मात केली. चार गोल करून नेव्हिल त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या पंक्तीत बसले. भारताचा तो चौथा क्रमांक ऑलिंपिक फुटबॉलमधील आपली आजवरची सर्वोत्तम कामगिरी होय.

दुसरे हॉलंडचे रॉब रेन्सेनब्रिंक, डाव्या बगलेवरून चढाई करणारे विंगर. त्यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग बेल्जियममधील अँडरलेख्त या क्लबात गेला. १९७६ आणि १९७८ साली या क्लबाने युरोपीय चषकविजेत्यांची स्पर्धा जिंकली आणि दोन्ही अंतिम सामन्यांत रेन्सेनब्रिंक यांनी दोन-दोन गोल केले. १९७८ च्याच विश्वचषकात त्यांनी पाच गोल नोंदविले. त्यांपैकी स्कॉटलंडविरुद्धचा गोल विश्वचषकाच्या इतिहासातील हजारावा ठरला. २५ जून रोजी ब्युनॉस आयर्स येथे अंतिम सामन्यात अर्जेंटिनाशी १-१ अशी बरोबरी होती. निर्धारित वेळ संपत आली असताना दुरून आलेल्या चेंडूवर धाव घेऊन त्यांनी तो गोलरक्षकाच्या बाजूने पुढे ढकलला. चेंडू गोलखांबावर आदळला आणि परत आला. अतिरिक्त वेळेत अर्जेंटिना ३-१ असे जिंकले. २०२० साली रेन्सेनब्रिंक निवर्तले, तेव्हाही जगाने प्रथम आठवण काढली ती त्या खांबाची.

आता पाहा. चेंडू वीतभर आत गेला असता, तर त्यांच्या देशाने त्यांचे पुतळे उभारले असते. पण त्या दोन शक्यतांमध्ये त्यांची धाव, त्यांचे कसब, त्यांची वर्षानुवर्षांची तालीम यांत तिळभरही फरक नव्हता. फरक होता तो एका खांबाचा. मग जो फरक माणसात नव्हताच, तो आपण माणसाच्या नावावर कसा मांडतो?

संत थॉमस अक्विनास यांनी याबाबत एक उपयुक्त भेद केला आहे. कृत्याचा जो परिणाम कर्त्याला आधीच दिसत होता, किंवा जो त्या कृत्यातून स्वभावतःच निपजतो, तो त्या कृत्याच्या बऱ्यावाईटपणात भर घालतो. निव्वळ योगायोगाने घडणारा परिणाम तशी भर घालत नाही. येथे कोणी म्हणेल, मग निकालाला अर्थच उरला नाही. तसे नव्हे. सामना गोलांनीच ठरावा आणि गणिताचा पेपर गुणांनीच तपासावा. जाणूनबुजून केलेल्या अपराधाची जबाबदारीही योगायोगावर ढकलता येणार नाही. आमचे म्हणणे एवढेच की, सामन्याचा निकाल हा सामन्याचा निकाल असतो. तो खेळाडूच्या आयुष्याचा निवाडा नव्हे.

यशाच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. नेव्हिल यांच्या यशामागे उजव्या बगलेवरून धावणारे पी. के. बॅनर्जी होते, बचाव सांभाळणारे होते, प्रशिक्षक रहीम यांची शिस्त होती. शिवाय त्या एका दिवसाच्या झगझगाटात त्यांची उरलेली कारकीर्द झाकोळली. टाटा स्पोर्ट्स आणि कॅल्टेक्स या मुंबईच्या संघांसाठी ते खेळले, हे आज किती जणांना ठाऊक आहे? १९६१ साली सुरू झालेल्या अर्जुन पुरस्काराच्या मानकऱ्यांत त्यांचे नाव नाही. १९८० साली, पन्नाशीही न गाठता, ते गेले. आज वांद्र्यात त्यांच्या नावाचे फुटबॉल मैदान आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु एका क्षणासाठी डोक्यावर घेणे आणि मग विसरणे, हेही माणसाला एका क्षणाच्या मापाने मोजणेच आहे.

रेन्सेनब्रिंक यांना त्यांच्या लोकांनी एका हुकलेल्या चेंडूत कोंडले, नेव्हिल यांना आपण एका दुपारच्या यशात. आपल्या घरांतही असे कोंडलेले लोक आहेत: एकदा धंद्यात बुडालेला भाऊ, लग्न मोडलेली बहीण, नापास झालेला मुलगा. त्याची गुणपत्रिका हाती आली की तीवरचा आकडा आपण जरूर वाचावा. पण शाळा बुडालेल्या महिन्यांत तो पहाटे उठून मोळ्या बांधत होता आणि रात्री चिमणीच्या उजेडात पुस्तक उघडत होता, हे तीवर छापलेले नसते. ते त्याच्या आईवडिलांना आणि शेजाऱ्यांना ठाऊक असते. तेव्हा ते चारचौघांत बोलून दाखविणे हे त्यांचेच काम आहे, आणि ते निकालाच्या दिवशीच व्हावयास हवे.