निग्रह आणि सामर्थ्य

निग्रह हा सामर्थ्याचा अभाव की सामर्थ्याचेच अंग, हा धर्मचिंतनातील जुना प्रश्न सोलापुरात मनात आला की 1930 चा मे महिना आठवल्यावाचून राहत नाही. कारण सरकारी अंमल नाहीसा झालेल्या त्या मोजक्या दिवसांत शहराचा बंदोबस्त राखला तो नागरिकांतूनच पुढे आलेल्या स्वयंसेवकांनी, आणि लष्करी कायदा पुकारून परतलेल्या सत्तेने मात्र 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना फासावर चढविले.

देहातील बंदोबस्तही स्वकीयांकडूनच होतो. उरोस्थीमागील थायमस ग्रंथीत रोगप्रतिकारक टी-पेशी घडत असताना स्वदेहावर उठू पाहणाऱ्या बहुतेक पेशी तेथेच नष्ट होतात. तरी काही निसटतात, आणि त्यांना आवरण्याचा अखत्यार ज्या नियामक पेशींकडे असतो त्या टी-पेशींच्याच कुळातल्या असतात, हे संशोधक शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये दाखविले. इतर टी-पेशींना चेतविणारे इंटरल्यूकिन-2 हे द्रव्य त्या स्वतःच शोषून घेतात. ज्या अर्भकात या नियामक पेशी घडविणारे फॉक्सपी-3 हे जनुक बिघडलेले असते त्याची त्वचा, आतडी आणि स्वादुपिंड त्याच्याच रक्षकांच्या माऱ्याने उद्ध्वस्त होतात. इतके हे नियमन प्राणभूत आहे. परंतु कर्करोगाची गाठही याच नियामक पेशी भोवती जमवून अभय मिळविते, आणि म्हणूनच निग्रहाला निरपवाद सद्गुण मानणाऱ्यांशी माझा मतभेद आहे.