किंमत कोण ठरवणार?

वीस बाजूंचा फासा मोठा हेकट असतो. कुलूप उघडायला पंधरा लागतात आणि चौदा पडले, की विषय संपला. मग शेजारचा म्हणतो, 'थांब, मी बघतो,' आणि तोही फासा टाकतो. तिसरा त्याच्या मागे उभाच असतो. कुलपापाशी अशी रांग लागली की गोष्ट पेंगायला लागते.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळणाऱ्यांना हे सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात: एक जण प्रसंग उभा करतो आणि विचारतो, 'तुम्ही काय करता?' बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून उत्तर देतात. जे घडेलच अशी खात्री नसते, ते फाशावर सोडायचं. 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ अमेरिकेतल्या लेक जिनिव्हा गावातून बाहेर पडला. पहिल्या खेपेला जेमतेम हजार पेट्या छापल्या होत्या, आणि घेणारे बहुतेक टेबलावर चिमुकले सैनिक मांडून लढाया लढणारे. लढाईत वार लागतो किंवा हुकतो. खेळ पुढे कुठल्या कुठे गेला, पण हो-नाहीचा तो खाक्या त्याच्या अंगात राहिला.

व्हिन्सेंट बेकर यांच्या 2010 च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'ने ही गाठ सोडवली. साधे सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे. बेरीज दहा किंवा वर गेली तर काम फत्ते, सहा किंवा खाली आली तर संकट. मधल्या सात, आठ, नऊला काम होतं, पण त्याची किंमत मोजावी लागते. गंमत गणितात आहे. दोन फाशांच्या 36 जोड्यांपैकी निर्भेळ यश देणाऱ्या फक्त सहा. पंधरा जोड्या संकटाच्या आणि पंधरा या 'हो, पण'च्या. पात्राच्या अंगच्या गुणाने एखादा अंक वाढला की हा मधला पट्टा आणखी रुंद होतो. म्हणजे गोष्ट बहुतेक वेळ किंमत चुकवतच पुढे सरकते.

गेले काही महिने आम्ही याच घराण्यातला 'ब्लेड्स इन द डार्क' खेळतो आहोत. जॉन हार्पर यांचा हा खेळ चोरांच्या टोळीचा आहे. डॉस्कव्हॉल नावाचं कायम काळोखातलं, भुताखेतांनी वेढलेलं शहर, आणि त्यात पोटासाठी घरं फोडणारी माणसं. त्यात 'सैतानाचा सौदा' नावाचा एक नियम आहे. फासे टाकण्याआधी टेबलावरचं कुणीही तुम्हाला जादा फासा देऊ करतं, बदल्यात काहीतरी बिघडेल असं सांगून. सौदा घेतला की ते बिघडतंच, मग फासा कसाही पडो.

सुरुवातीला आमचे सौदे अगदीच पुचाट होते. 'जादा फासा घे, पण तुझा कंदील फुटेल.' फुटू दे! 'खांद्याला लागेल.' लागू दे! जखम कुठल्याही पात्राला झाली तरी सारखीच दुखते, त्यामुळे ती कुणालाच फारशी दुखत नाही. खरा सौदा सुचायचा तर त्या पात्राला काय गमवायचं नाही हे माहीत पाहिजे, आणि ते कळायला समोरचा बोलत असताना आपण मोबाइल चाळत बसलेलो नसलो पाहिजे. कोकणात दशावतार पाहत वाढलेल्याला हे चटकन कळेल. तिथे लिहिलेली संहिता नसते. समोरच्याने टाकलेलं वाक्य कान देऊन ऐकलं नाही, तर राजाचा प्रधान तोंडघशी पडतो. आमच्यात सगळ्यात जास्त बोलणाऱ्यांचे सौदे सगळ्यात भिकार असतात, हे माझं निरीक्षण मी टेबलावर अजून बोलून दाखवलेलं नाही.

आमच्या टोळीत बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांचं पात्र म्हणजे सनद गेलेला डॉक्टर. तो मुलीला दर आठवड्याला पत्र लिहितो, आणि बाप अजून इस्पितळातच नोकरीला आहे असं तिला वाटतं. परवा एका सावकाराच्या वाड्याच्या पहारेकऱ्याला काकांनी बोलण्यात गुंतवायचं होतं. हाताशी एकच फासा. एरवी फारसं न बोलणारी, कॉलेजात शिकणारी एक मुलगी म्हणाली, "काका, जादा फासा घ्या. पण हा पहारेकरी तुमच्या मुलीच्या चाळीत राहतो. त्याने तुम्हाला ओळखलंय."

काका चांगलाच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "नको. मी ताण घेतो."

तीही सोय नियमात आहे. जिवाला ताण लावून जादा फासा मिळवता येतो. पण ताणाची घरं नऊच, आणि ती भरली की पात्राच्या मनावर कायमचा व्रण उठतो. काकांची सहा भरलेली होती, त्यात आणखी दोन गेली. हिशेबाने पाहिलं तर सौदा स्वस्त होता. पहारेकऱ्याने ओळखलं असतं तर पुढे चार सेशन्सनंतर कधीतरी ते निस्तरता आलं असतं. आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासलेल्या माणसाला हे कळत नव्हतं असं नाही.

"तुम्ही नाही म्हणणार हे मला माहीत होतं," मुलगी म्हणाली.

"मग विचारलंस कशाला?"

"किती वेळ लावता ते बघायचं होतं."

फासे पडले चार आणि दोन. या खेळात बेरीज नाही, मोठा आकडा धरायचा, म्हणजे चार. म्हणजे पुन्हा मधलाच निकाल. पहारेकरी पटला, पण किंमत द्यायची होतीच, आणि ती ठरवणं आता माझ्याकडे होतं, कारण गोष्ट मी चालवतो. डॉक्टरच्या मुलीला मी हात लावला नाही. नाकारलेला सौदा मागच्या दाराने आत घेणं ही शुद्ध लबाडी झाली असती. पहारेकऱ्याने लाच मागितली, एवढंच. टोळीचा गल्ला तळाला गेला, आणि वाटणीवरून बाकीचे जे काकांवर घसरले, ते चहा येईपर्यंत थांबले नाहीत.