क्रिप्टोनाइट किती अंतरावर?

‘स्मॉलव्हिल’ या अमेरिकी मालिकेच्या पहिल्या भागात (२००१) शाळकरी क्लार्क केंट, म्हणजे पुढचा सुपरमॅन, लाना लँगजवळ गेला की अडखळतो, हातातली पुस्तकं सांडतो. सोबत्यांना वाटतं, पोरगा लाजतोय. खरं कारण लानाच्या गळ्यात असतं. हिरव्या उल्केचा खडा, म्हणजेच क्रिप्टोनाइट. ज्या उल्कावर्षावात तिचे आईवडील गेले, त्याच वर्षावात क्लार्कचं यान पृथ्वीवर उतरलं होतं. त्याची ताकद हिरावून घेणाऱ्या त्या दगडात तिचा शोक आहे आणि त्याच्या मनातला अपराधभावही. पुढे तोच हार त्याच्या गळ्यात घालून मुलं त्याला मक्याच्या शेतात बुजगावण्यासारखं टांगतात, तेव्हा तो स्वतःला सोडवू का शकत नाही हे प्रेक्षकाला सांगावं लागत नाही. नायकाचं मर्मस्थान कसं रचावं, याचं इतकं नेमकं उदाहरण टीव्हीवर क्वचितच सापडेल.

आणि याच मालिकेने ते वाया घालवलं. दहा सीझन, दोनशेहून अधिक भाग. तो दगड ज्याच्या त्याच्या हाती लागू लागला. कधी खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या तुकड्याने क्लार्क कोसळतो, तर कधी त्याहून जवळ असूनही त्याच्यात एक शेवटचा धक्का देण्याइतकं बळ उरतं. दगड केवढा, किती दूर, किती वेळ, हे सगळं त्या त्या प्रसंगाच्या सोयीने ठरतं.

उडणाऱ्या माणसाच्या गोष्टीत एवढा काटेकोरपणा कशाला, असं म्हटलं जातं. मला हे पटत नाही. प्रेक्षकाने एक अशक्य गोष्ट आधीच मान्य केलेली असते; म्हणून तर बाकीच्या गोष्टींत त्याची फसवणूक होता कामा नये. हिरण्यकशिपूला मिळालेल्या वरातली एकही अट नरसिंह मोडत नाही. ना दिवस ना रात्र, ना घरात ना बाहेर, ना माणूस ना पशू. सगळ्या अटी पाळूनच तो वध होतो आणि कथेचा सारा थरार त्यात आहे. त्या संध्याकाळी वर नुसताच चालला नाही असं कुणी सांगितलं असतं, तर ती कथा कुणी दुसऱ्यांदा ऐकली नसती.

नियम ढिला पडला की पहिला घाव धैर्यावर बसतो. दगडाच्या दिशेने टाकलेलं पाऊल क्लार्कला किती महाग पडणार, हे ठाऊक असेल तरच त्या पावलाला अर्थ आहे. नाहीतर ते त्याचं धाडस की लेखकाची सोय, हे ओळखायचं कसं?

यामागची अडचण खरी आहे. वर्षाला बावीसच्या आसपास भाग, लिहिणारे हात अनेक आणि दर आठवड्याला अजिंक्य माणसावर नवं संकट आणायचं. हाताशी असलेला दगड उचलणं सोपं. सुपरमॅनच्या कॉमिक्समध्येही हेच झालं होतं. १९७१ साली लेखक डेनी ओ'नील आणि संपादक ज्यूलियस श्वार्ट्झ यांनी पृथ्वीवरच्या साऱ्या क्रिप्टोनाइटचं लोखंड करून टाकलं. पुढे क्रिप्टोनाइट परतलं, पण रोगाचं निदान अचूक होतं.

‘द फ्लॅश’ या मालिकेची अडचण याहून अवघड, कारण तिथे नायकाचा वेगच लेखकाच्या अंगावर येतो. सुरुवातीच्या भागांत ती नीट हाताळली होती. खलनायक लेनर्ड स्नार्टकडे गोठवणारी बंदूक आहे, पण त्याचं खरं शस्त्र वेगळंच आहे. तो आगगाडी रुळांवरून घसरवतो, कारण नायक बॅरी ॲलन आधी प्रवाशांना वाचवायला धावणार हे त्याला माहीत आहे. ही उणीव बॅरीच्या स्वभावात आहे, त्यामुळे ती कधीच जुनी होत नाही. मग २०१८ साली ‘एंटर फ्लॅशटाइम’ हा भाग आला. अणुस्फोट होत असतानाच्या एका क्षणात जवळजवळ सगळं कथानक घडतं आणि धावणारे एकेक करून थकत जातात. भाग अप्रतिम आहे. पण ज्याने तो क्षण एवढा ताणला, त्याच्या हातून पुढे साधा गुंड निसटला की प्रेक्षक कारण मागणारच.

ते कारण मालिकेजवळ होतं. पहिल्या सीझनमध्ये बॅरी धावता धावता चक्कर येऊन पडतो. एवढ्या वेगाला पुरेल इतकं अन्न त्याच्या पोटात नसतं, म्हणून मित्र त्याच्यासाठी खास खाऊ तयार करतो. ही भूक लेखकांनी पुढे मागेच टाकली. ती सांभाळली असती, तर प्रत्येक धावेला किंमत आली असती आणि बॅरी कधी पोहोचतो, कधी का पोहोचत नाही, हे दहा वर्षांच्या मुलालाही आपलं आपण सांगता आलं असतं.