पाहुणा आणि प्रेक्षक

परगावी जाऊन तेथील लोकांचे जगणे पाहत हिंडण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला, हा प्रश्न प्रवासवर्णने आवडीने वाचणाऱ्या आमच्या वर्गास सहसा पडत नाही. आम्हांसही तो उशिराच पडला.

फैजपूर हा केळीच्या बागांचा मुलूख; समुद्र आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनी चित्रांतच पाहिलेला. म्हणून एका वर्षी त्यांना घेऊन आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातील हर्णैस गेलो. सायंकाळी होड्या परततात, वाळूवर मासळीचे ढीग पडतात, लिलावाचा गलबला उठतो आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा असतो. देखावा खरोखर मनोहर. आमचा एक विद्यार्थी मासळी निवडणाऱ्या वृद्ध कोळणीचे छायाचित्र घेऊ लागला, तेव्हा तिने हात थांबवून विचारले, “कुठचा रे तू पोरा? तुझ्या गावात काय पिकतं?” केळी, असे त्याने सांगितले. “मग तुझी आय शेतात राबते, तेव्हा तिचे फोटो काढायला कोण येतं का?” मुलगा निरुत्तर झाला, आणि खरे सांगावयाचे तर त्याचा प्राध्यापकही.

उत्तरध्रुववृत्ताच्याही पलीकडे, नॉर्वेच्या लोफोतेन बेटांवर, हाच प्रश्न उभा आहे. तेथे जानेवारीपासून एप्रिलपर्यंत कॉड मासा अंडी घालण्यास येतो. मीठ न लावता, लाकडी मांडवांवर टांगून, तो थंड वाऱ्यात वाळवितात. आपल्याकडे वसईच्या किनाऱ्यावर बोंबील वाळतात तसाच. कोळ्यांच्या हंगामी निवाऱ्यासाठी बांधलेल्या तेथील लाल झोपड्यांपैकी कित्येकींत आज प्रवासी उतरतात. झोपडी तीच, परंतु जी श्रमाची जागा होती ती शोभेची झाली.

कोणी म्हणेल, ह्यात बिघडले काय? प्रवासी पैसा देतो, आणि कुतूहल हे तर ज्ञानाचे मूळ. दोन्ही गोष्टी आम्हांस मान्य आहेत. तथापि पैसा मासळीचा आणि खोलीचा दिला जातो. माणसाने देखावा व्हावे ह्याचा सौदा त्यात झालेला नसतो. कुतूहलही एकमार्गी असले म्हणजे त्यात नकळत मालकीची भावना शिरते. प्रेक्षक पाहतो, पण स्वतः पाहिला जात नाही. पाहुणा मात्र उंबरठ्यावर नाव-गाव सांगतो, यजमानाच्या प्रश्नांस उत्तरे देतो आणि निघताना काही ऋण घेऊन निघतो. आमच्या मते भेद हेतूत नसून ह्या ऋणात आहे.

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपुरास काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. पंडित नेहरू अध्यक्ष होते, आणि नंदलाल बोस यांनी नगराची सजावट बांबूसारख्या साध्या साहित्यातून केली होती. शहरांतून आलेल्यांनी खेडे पाहिले, त्याचबरोबर शेतसारा, खंड आणि कर्ज यांविषयीचा कार्यक्रमही ठरावाने अंगावर घेतला. ते ऋण कितपत फिटले हा वाद निराळा. पण घेतले होते, एवढे खरे.

आम्ही मात्र हर्णैहून काय घेऊन आलो? पावसाळ्यात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तेव्हा त्या बाईचे घर कसे चालते, हे आम्ही विचारलेच नाही. तिचे दोन प्रश्न घेऊन आलो, आणि आज त्यांचाच लेख केला आहे. तिने आम्हांस आणखी एकदा विचारले, तर आम्हांस पुन्हा निरुत्तर व्हावे लागेल.