बावखल कोणाचे?

अब्राहामाच्या काळी खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजविल्या. त्याच्या पुत्राने, इसहाकाने, त्या पुन्हा उकरल्या आणि त्यांना बापाने दिलेलीच नावे दिली. उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायातील हा प्रसंग वाचताना आम्ही वसईकर अंतर्मुख होतो. कारण आमची बावखले बुजविण्यास कोणी पलिष्टी आले नव्हते.

वाडीतील हे तळे म्हणजे पूर्वजांचे शहाणपण. पावसाचे पाणी त्यात साठे; रहाटाने ते केळीला व पानवेलींना मिळे. जमिनीत मुरलेले पाणी आसपासच्या विहिरी गोड राखी आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला अटकाव करी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस टँकर विहिरी उपसू लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासमवेत आम्ही त्याविरुद्ध उभे राहिलो. परंतु दारचे बावखल भरून त्यावर घर बांधताना आम्हांला त्या लढ्याची आठवण झाली नाही. जुलै २०१८ मध्ये वसईत दिवसचे दिवस पाणी ओसरले नाही; त्याच्या अनेक कारणांपैकी एक आमच्याच अंगणात होते.

'जमीन माझी, मग बावखल बुजविण्याचा अधिकार माझा का नव्हे?' हा प्रश्न झटकून टाकण्याजोगा नाही. भावांच्या वाटण्या होतात, मुलांना निवारा हवा असतो. तरीही संत थॉमस अक्वायनस सांगतात की, मालकी एकाची असली तरी वस्तूचा उपयोग सर्वांच्या गरजा ध्यानी ठेवून व्हावा. बावखल माझ्या सातबाऱ्यावर असते. त्यात मुरलेले पाणी शेजाऱ्याच्या विहिरीत उतरते. ते बुजविणारा केवळ आपली जागा वापरत नाही, तर शेजाऱ्याचे पाणीही तोडतो.

मात्र न्यायाला दुसरीही बाजू आहे. ज्याचा लाभ साऱ्या गावाला, त्याचा भार एकट्या मालकाने का वाहावा? हवामान बदलत आहे. थोड्या तासांत पुष्कळ पाऊस कोसळतो. अशा वेळी महापालिकेने गटारांइतकाच बावखलांवर खर्च करावा, ती राखणाऱ्यास करात सवलत द्यावी. तोवर आम्ही निदान उरलेली बावखले गाळ काढून जिवंत ठेवावीत.

इसहाकाने पुढे खणलेल्या एका विहिरीचे नाव रहोबोथ, म्हणजे मोकळी जागा. पाण्याला मोकळी जागा ठेवणे, हे आज आम्हांला शेजारधर्माचेच कर्तव्य वाटते.